गाणी ऐकण्यासाठी साउंड कार्ड: मदरबोर्डवरचं, स्लॉटमधलं की यूएसबीचं?

साउंड कार्डाच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो सिग्नल-टू-नॉइजचा (गाणं मागच्या गोंगाटापेक्षा किती मोठं, याचा) आकडा, आणि निवडताना सगळ्यात कमी उपयोगी पडतो तोही तोच. सीडीवरचं १६ बिटांचं गाणं कागदोपत्री ९६ डेसिबलांच्या आसपास थांबतं. मदरबोर्डवर बसणारी रिअलटेकची साधी एएलसी८८७ चिप ९७ डेसिबल सांगते, एएलसी१२२० सांगते १२०, क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर एई-५ १२२ आणि एई-९ १२९. नुसत्या आकड्यांवर जायचं तर मदरबोर्डवरची चिपच पुरली. पण एकाच चिपचे दोन मदरबोर्ड घेतले, तर एक स्वच्छ वाजतो आणि दुसऱ्यावर माऊस हलवला की हेडफोनमध्ये बारीक किरकिर येते. खोक्यावरचा आकडा चिपचा असतो. कानापर्यंत येतं ते चिपच्या पुढच्या सर्किटमधून.

म्हणून तीन गोष्टी बघा: अ‍ॅनलॉग सिग्नल कॅबिनेटच्या आत तयार होतो की बाहेर, हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पीडन्स (जॅकचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा) किती, आणि त्यातून व्होल्टेज किती निघतं. या तिन्हींचं उत्तर तुम्ही काय जोडणार यावर ठरतं. हेडफोन किंवा स्पीकर अजून ठरलेच नसतील तर पैसे आधी तिकडे घाला. तिथला फरक कार्डाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आधी घरातलंच तपासा

हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा, पुढच्या नाही. पुढच्या जॅकची वायर बहुतेक मदरबोर्डांवर खालच्या कोपऱ्यातल्या पिनांपासून निघते आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून पुढे जाते. ‘ऑनबोर्ड साउंड खराब आहे’ या तक्रारींतल्या बऱ्याच या वायरच्याच असतात. नेहमीच्या आवाजात एक गाणं लावा, मग पॉज करा आणि आवाजाची पट्टी तशीच ठेवा. आता एखादं लांबलचक वेबपान भराभर वर-खाली करा, मोठी फाइल कॉपी करा, ग्राफिक्स कार्डावर ताण येईल असं काहीतरी चालवा. शीळ, किरकिर, गुणगुण काहीच ऐकू आलं नाही, आणि गाणं वाजताना आवाजाची पट्टी शेवटाला न नेताही पुरेसा आवाज मिळत असेल, तर नवीन काही घेण्याची गरज नाही.

ऑनबोर्डबद्दलची जुनी नाराजी बरीचशी एसी’९७ या ऑनबोर्ड साउंडच्या जुन्या पद्धतीच्या काळातली आहे. त्या पद्धतीत घड्याळ ४८ किलोहर्ट्झचं, त्यामुळे सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं (सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं) गाणं अनेकदा बदलून वाजवलं जाई, आणि तेही फारसं नीट नाही. १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारखं नावाजलेलं कार्डसुद्धा आतून सगळं ४८वरच आणत असे. २००४मध्ये इंटेलने एचडी ऑडिओ आणल्यावर ही अडचण गेली.

आजच्या ऑनबोर्डची खरी कमजोरी आउटपुट इम्पीडन्स ही आहे. काही मदरबोर्डांवर तो ५० ते ७५ ओहम इतका निघतो. स्पीकरला जोडलं तर त्याने काहीच बिघडत नाही, कारण स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट हजारो ओहमचं असतं. हेडफोनला मात्र बिघडतं. समजा बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा एक इअरफोन काही स्वरांना ८ ओहम आणि काही स्वरांना ४० ओहम दाखवतो. ५० ओहमच्या जॅकवर या दोन जागांमध्ये सुमारे १० डेसिबलांचा फरक पडतो, १ ओहमच्या जॅकवर ०.८ डेसिबलचा. १० डेसिबल म्हणजे गाण्याचा तोल पूर्ण बदलला: तोच इअरफोन एका जागी पातळ आणि कर्कश, दुसरीकडे व्यवस्थित. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा जॅकचा इम्पीडन्स कमी असावा, हा साधा नियम बहुतेक वेळा पुरतो. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपेक्षा कमी, १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपेक्षा कमी.

स्लॉटमधलं कार्ड

एई-५चा हेडफोन आउटपुट १ ओहमचा आहे, त्यामुळे वरचा प्रश्न त्याच्यापुरता सुटतो. असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स ६०० ओहमपर्यंतचे हेडफोन हाकतं, त्यातले ऑपअँप (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप) बदलताही येतात. स्लॉट कार्डाचे फायदे रोकडे आहेत. टेबलावर आणखी एक डबी नको, वायर नको, ५.१ स्पीकरसाठी वेगळे जॅक मिळतात, इक्वलायझर आणि इफेक्ट कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. गाण्यांइतकेच गेम आणि चित्रपट चालणार असतील तर विचार करण्यासारखा पर्याय आहे.

अडचणी घेतल्यावर कळतात, म्हणून आधीच सांगतो. पहिली जागेची. आजची जाड ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट अडवतात आणि खालचा छोटा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट त्यांच्याखाली गाडला जातो. राहिला तर अगदी त्यांच्या पंख्यांना चिकटून. मापून बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका. दुसरी वीज. एसेन्स एसटीएक्सला पॉवर सप्लायची ४ पिनांची मोलेक्स वायर लागते, एई-९ला ६ पिनांची. पॉवर सप्लायमधून ती मोकळी आहे का, आणि कार्डापर्यंत पोचते का, दोन्ही बघा. तिसरी आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे ड्रायव्हर. स्लॉट कार्ड स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय पूर्ण चालत नाही, आणि कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर देणं थांबवलं की हार्डवेअर धडधाकट असूनही कार्ड अडून बसतं. वापरलेलं कार्ड घेताना ते जुन्या पीसीआयचं आहे की पीसीआय एक्स्प्रेसचं हे फोटोतल्या खाचांवरून ओळखा. जुनं पीसीआय आजच्या बहुतेक मदरबोर्डांत बसतच नाही.

कॅबिनेटच्या आत असलं की कार्ड गोंगाट करणारच असं नाही. चांगल्या कार्डावर पत्र्याचं आवरण असतं, वीज गाळून घेतलेली असते, आणि हेडफोनवर ती शांत वाजतात. पण कार्डाचं अर्थिंग कॅबिनेटशी जोडलेलंच राहतं, आणि त्याचा त्रास पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर लावल्यावर होतो. त्याबद्दल खाली.

यूएसबी: डोंगल, टेबलावरचा डॅक, रेकॉर्डिंगचा इंटरफेस

डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालणारा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारी डबी; डोंगल म्हणजे वायरीच्या टोकावर मावणारा छोटा डॅक. फक्त गाणी ऐकायची असतील तर माझा कौल यूएसबीकडे आहे. अ‍ॅनलॉग भाग कॅबिनेटबाहेर येतो, लॅपटॉप बदलला तरी तीच वस्तू चालते, आणि यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या पद्धतीमुळे लिनक्स आणि मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. या पद्धतीची पहिली आवृत्ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते. दुसरी त्यापुढे जाते, आणि विंडोज १०मध्ये २०१७च्या अपडेटपासून तिचा ड्रायव्हर आतच आहे. त्याआधीच्या विंडोजवर तो कंपनीकडून घ्यावा लागे.

डोंगलला हसू नका. अ‍ॅपलचा यूएसबी-सीचा छोटा डोंगल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, पण सुमारे १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स जेमतेम १ ओहम आहे. युरोपात विकला जाणारा नग मात्र त्याच्या निम्मंच व्होल्टेज देतो. इअरफोन आणि ३२ ओहमच्या बहुतेक हेडफोनना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

जास्त कधी लागतं, तेही मोजता येतं. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो. म्हणजे १ व्होल्टच्या डोंगलवर गाण्यातला सगळ्यात मोठा क्षण ९७ला थांबणार, आणि सरासरी आवाज त्याच्या १५-२० डेसिबल खाली राहणार. ठोकून मोठ्या आवाजात केलेल्या आजच्या रेकॉर्डिंगला हे चालून जातं. शास्त्रीय मैफलीच्या किंवा वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आणखी खाली असते, आणि तिथे ते अपुरं वाटतं. ११० डेसिबलांच्या उसळीपर्यंत जागा ठेवायची तर १३ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट. ३०० ओहमवर ही सुमारे ६७ मिलिवॉट शक्ती झाली. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर असलेला टेबलावरचा डॅक इथे घ्यावा. खोक्यावर ‘३२ ओहमला इतके मिलिवॉट’ एवढंच लिहिलं असेल तर ३०० ओहमचा आकडा शोधा. ३२ ओहमला भरपूर देणारा डॅक व्होल्टेज कमी असेल तर ३०० ओहमवर हात टेकतो.

रेकॉर्डिंगचा इंटरफेस (माइक, वाद्यं कॉम्प्युटरला जोडायची डबी) गाणी ऐकण्यासाठी घ्यायचा तो एकाच कारणासाठी: पॉवर्ड मॉनिटर स्पीकर आणि बॅलन्स्ड आउटपुट (सिग्नल सुलट-उलट असा दोन तारांतून नेऊन वाटेतला गोंगाट काटणारी जोडणी). स्वस्त इंटरफेसचा हेडफोन जॅक अनेकदा दुबळा आणि जास्त इम्पीडन्सचा असतो. मुख्य ऐकणं हेडफोनवर असेल तर तो टाळा.

स्पीकरमधली घुंघूं

पॉवर्ड स्पीकर जोडल्यावर येणारी घरघर किंवा ग्राफिक्सच्या तालावर बदलणारी शीळ कार्ड बदलून जाईल याची खात्री नाही. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वाटांनी अर्थिंगला जोडले गेले की त्यांच्यात एक वळसा तयार होतो आणि ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून नको तो प्रवाह वाहतो. यूएसबी डॅकही यातून सुटत नाही, कारण यूएसबीच्या वायरीतूनही अर्थिंग पुढे जातंच. ओळखायची खूण सोपी आहे: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर आवाज थांबला, तर वळसाच आहे. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. जमलं नाही तर बॅलन्स्ड वायर, नाहीतर मदरबोर्डाच्या ऑप्टिकल आउटपुटवरून बाहेरचा डॅक. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसल्याने वळसा तिथे तुटतो. स्टिरिओ गाण्याला ती वायर पुरेपूर आहे. तिसऱ्या पिनेचं अर्थिंग कापून टाकण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नका. शॉकपासून वाचवणारी तीच वायर आहे.

वस्तू घरी आल्यावर

विंडोजमध्ये त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा आणि डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, जर गाणी बहुतेक सीडीच्या दर्जाची असतील. लिनक्सवर आवाज हाताळणारा पाइपवायर सहसा ४८वर चालतो; त्याच्या ‘अलाउड रेट्स’मध्ये ४४१०० घातलं की फाइलप्रमाणे दर बदलतो. आजचं रिसॅम्पलिंग (एका दरावरून दुसऱ्यावर नेणं) चांगलं असतं, यासाठी झोप घालवू नका. मध्येच टकटक, चटचट येत असेल तर यूएसबी हब काढून मागच्या पोर्टवर लावा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, प्लेयरचा बफर वाढवा. तरी थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते बघा. बऱ्याचदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो.

जुनं आणि नवं यांची तुलना करताना आवाज समान करणं अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. १०० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन जोडलेला असताना मल्टीमीटरने एसी व्होल्टेज मोजा. ३०० मिलिव्होल्ट आले तर दुसऱ्यावरही ३ मिलिव्होल्टांच्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. मग कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून न बघता ऐका.

प्लेयरमध्ये वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एएसआयओ (विंडोजचा मिक्सर टाळून गाणं थेट डॅककडे नेणाऱ्या वाटा) लावणार असाल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इक्वलायझर एपीओ हे विंडोजभर लागू होणारं इक्वलायझरचं सॉफ्टवेअर त्या वाटेवर चालत नाही. आणि अनेक डॅकवर विंडोजची आवाजाची पट्टी तिथे लागू होत नाही, गाणं पूर्ण जोरात सुटतं. पहिल्यांदा प्ले दाबाल तेव्हा डॅकचं बटण शून्यावर असू द्या, आणि हेडफोन कानावर नव्हे, टेबलावर.