टी-टू ते ऐरोली: टॅक्सी सोडून मी मेट्रो-लोकल का धरली

मे २०२५ पासून मी महिन्यातून दोनदा नागपूरहून सकाळच्या विमानाने मुंबईला येते आणि टी-टूवरून, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वरून, थेट नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या ऑफिसात जाते. काम नव्या मुलांना शिकवायचं. अकराला वर्ग सुरू होतो आणि तेव्हा पंचवीस जण समोर बसलेले असतात. मी उशिरा पोचले तर त्या पंचवीस जणांचा वेळ वाया जातो, आणि ते मला खरंच लागतं. म्हणून पहिल्या फेरीपासून वहीत लिहून ठेवलं: टर्मिनलच्या बाहेर किती वाजता पडले, कशाने गेले, ऑफिसच्या दारात किती वाजता पोचले. आजवर नऊ फेऱ्या झाल्या. पहिल्या चार गाडीने, नंतरच्या पाच मेट्रो आणि लोकलने.

आधी गाडीचं सांगते, कारण नवखा माणूस तीच धरतो. मीही तेच केलं. टी-टू ते ऐरोली अंतर वीसेक किलोमीटर. पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पुढे कांजूरमार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग, ऐरोलीचा पूल, आणि पूल उतरलं की ऐरोली. पहिल्या फेरीत पन्नास मिनिटांत पोचले. वाटलं, झालं, प्रश्न सुटला. दुसऱ्या फेरीत, जूनमधल्या पावसात, तेच अंतर दोन तास दहा मिनिटं! तिसऱ्यांदा सव्वा तास, चौथ्यांदा एक तास पन्नास मिनिटं. दोन तासांच्या आसपास गेलेल्या दोन्ही फेऱ्यांत गाडी अडकली ती एकाच पट्ट्यात, पवई तलावापासून गांधीनगर जंक्शनपर्यंत. त्या रस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे, त्यामुळे मधली जागा पत्र्यांनी अडवलेली. त्यात गांधीनगरला हा रस्ता एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाला मिळतो आणि चारी बाजूंच्या गाड्या एकाच वेळी पुढे सरकायला बघतात. ड्रायव्हरचा काही दोष नसतो. माझे चारही ड्रायव्हर जपून चालवणारे होते. एकाने तर वर्गाची वेळ विचारून घेतली आणि साकीनाक्याकडून फिरवून बघितलं. तिथेही तेच.

भाडं मला साडेपाचशेपासून नऊशेपर्यंत पडलं, तेही त्याच वेळेला आणि त्याच रस्त्याला. ॲपवरची गाडी टर्मिनलच्या दारात येत नाही, बहुमजली पार्किंगमध्ये जाऊन शोधावी लागते. एका सकाळी ॲपवर लागोपाठ तीन गाड्या रद्द झाल्या आणि पस्तीस मिनिटं मी तिथेच उभी होते. ती पस्तीस मिनिटं प्रवासात धरलेली नाहीत, हे मुद्दाम सांगते. कुणी म्हणालं, ‘गाडीने तासाभरात पोचतो’, तर तो तास गाडीत बसल्यापासूनचा असतो.

एक गोष्ट पैशाची. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश-नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. त्यात ऐरोलीचा नाका येतो. आमच्या ऑफिसने ठरवून दिलेल्या एका गाडीवाल्याने बिलात टोल लावला होता. मी विचारल्यावर काढून टाकला. तुमचंही बिल एकदा बघा.

आता मेट्रोबद्दल. मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली आणि टी-टूला स्वतःचं स्टेशन मिळालं. आमच्या नागपुरात मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलपासून बरंच दूर. म्हणून मुंबईतही तसंच असेल असं मी धरून चालले आणि चार फेऱ्या तिकडे फिरकलेच नाही. मला रस्ता दाखवला तो आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या मुलीने. ती अंधेरीहून रोज येते. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही उलट्या दिशेने जाताय, तुम्हाला गर्दी लागणारच नाही. एकदा करून बघा.’

तिचं म्हणणं खरं ठरलं, आणि या सगळ्या प्रवासाचं मर्म तेच आहे.

टी-टूहून आरेच्या दिशेने एकच स्टेशन: मरोळ नाका. दहा रुपये. तिथे जमिनीच्या पोटातून वर यायचं आणि पूल ओलांडून मेट्रो १ ला जायचं, म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपरची २०१४ पासून धावणारी जुनी मेट्रो. या दोन मेट्रो वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. तिकीट मी वेगळं काढते, बॅगेची तपासणीही पुन्हा. त्यात माझी सात-आठ मिनिटं जातात. मरोळहून साकीनाका, असल्फा, जागृतीनगर, घाटकोपर. सकाळी लोंढा असतो तो घाटकोपरहून अंधेरीकडे. समोरून येणाऱ्या गाडीत माणसं दाराला चिकटलेली आणि माझ्या डब्यात बसायला जागा. घाटकोपरला उतरलं की तोच प्रकार. मध्य रेल्वेचा सकाळचा लोंढा सीएसएमटीकडे जातो, मला जायचं ठाण्याकडे. पाचही वेळा ठाण्याच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. विक्रोळी, कांजूर, भांडुप मागे पडतात आणि मी वर्गाची टिपणं वाचून काढते. गाडीत बसून वाचलं तर मला मळमळतं, लोकलमध्ये नाही.

पण घाटकोपरचा तो मधला पूल तेवढा मनाची तयारी करून चढा. मेट्रोतून रेल्वेकडे जाताना समोरून माणसांची भिंत येते, कारण ते सगळे मेट्रो पकडायला निघालेले असतात. डाव्या कठड्याला धरून, बॅग पुढे घेऊन चालायचं. थांबलात की धक्के बसतात.

खरी गर्दी फक्त एका टप्प्यात लागते: ठाणे ते ऐरोली. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला जाणारे सगळे ठाण्याला उतरून ९ आणि १० नंबरच्या फलाटांकडे धावतात. इथे मी सुद्धा लोंढ्याच्या दिशेनेच असते. सांगण्यासारखं हे की वाशी लागलेली असो, नेरूळ असो की पनवेल, ऐरोलीला प्रत्येक गाडी थांबते. तेव्हा इंडिकेटर बघत बसू नका, जी उभी असेल तिच्यात चढा. मधे एकच स्टेशन, दिघा गाव, जे जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. म्हणून आत खोलवर शिरायचं नाही. पहिल्या दिवशी मी नागपुरी सवयीने आतल्या सीटजवळ जाऊन उभी राहिले, तर मागून एक बाई म्हणाल्या, ‘ऐरोली ना ताई? मग आत कशाला जाताय, या, इथे माझ्यापुढे उभ्या राहा.’ उतरताना त्यांनीच माझी बॅग खाली दिली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या गर्दीत मला कधी भीती वाटली नाही, ती अशा बायकांमुळे.

आता वहीतले आकडे. मेट्रो-लोकलच्या पाच फेऱ्या, टर्मिनलचं दार ते ऑफिसचं दार: एक तास चाळीस, एक तास बत्तीस, एक तास पस्तीस, एक तास एकोणतीस, एक तास छत्तीस. पहिल्या फेरीत मी मरोळला चुकीच्या बाजूने बाहेर पडले होते, तरी एवढाच वेळ. गाडीचा सगळ्यात चांगला दिवस धरला तर गाडीच वेगवान, यात वाद नाही. पण गाडीच्या चांगल्या आणि वाईट दिवसात ऐंशी मिनिटांचा फरक पडला, इथे अकरा मिनिटांचा. साडेआठला विमान टेकलं, नऊला मी बाहेर पडले, तर पावणेअकराच्या आत मी ऑफिसात असते आणि चहा घेऊन वर्गात जाते. गाडीने गेलेल्या चारपैकी एका दिवशी मला पवईतून फोन करून वर्ग पुढे ढकलायला सांगावं लागलं होतं. सगळा खर्च साठ रुपयांच्या आत. पैसे ऑफिसच देतं, तेव्हा माझ्यासाठी तो मुद्दा नव्हता, पण स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या मुलाखतीच्या मुला-मुलींसाठी तो मोठा आहे.

तिकिटांचं एक जपा. भुयारी मेट्रोत माझ्या फोनची रेंज गेली होती, त्यामुळे मोबाइलवर तिकीट काढायचं असेल तर खाली उतरण्याआधी काढा. रेल्वेचं मोबाइल तिकीट मेट्रो १ मध्ये बसल्याबसल्या काढून घ्या. रुळांच्या अगदी जवळ पोचल्यावर ते निघत नाही, मग खिडकीवर रांग.

हा रस्ता मी सगळ्यांना सांगणार नाही. माझ्याकडे पाठीवरची एक बॅग असते, बस्स. जुलैत माझ्या सासूबाई बरोबर होत्या, त्यांना ऐरोलीत नणंदेकडे सोडायचं होतं. दोन मोठ्या बॅगा आणि त्यांचा गुडघा. तेव्हा मी सुट्टी टाकून, दुपारच्या विमानाने येऊन सरळ टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने बॅगा चढवल्या, उतरवल्या, आईंना हात धरून खाली उतरवलं. त्या दिवशी दुसरा कुठलाही पर्याय अन्यायाचा झाला असता. ती फेरी कामाची नव्हती म्हणून वरच्या नऊमध्ये धरलेली नाही. रात्री उशिरा उतरणार असाल तरी गाडीच करा.

आणि पाऊस. १९ ऑगस्टला सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्गावर पाणी भरून लोकल बंद पडल्या. मी त्या दिवशी नागपुरात होते, पण ऑफिसातली मुलं कशी कशी घरी पोचली ते दुसऱ्या दिवशी ऐकलं. तेव्हापासून पावसाळ्यात उतरल्याउतरल्या आधी मध्य रेल्वेची स्थिती बघते. लोकल बंद असेल तर रस्ताही तुंबलेलाच असतो, मग ऑफिसला कळवून वर्ग दुपारचा करून घेते.

माझी नागपूरची सकाळची फ्लाइट नवी मुंबईच्या विमानतळावर उतरू लागली, तर हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. तोवर माझा कौल मेट्रो-लोकललाच.

परतीचं एवढंच, की संध्याकाळीही दिशा उलटीच राहते. ऐरोली ते ठाणे गर्दी, पुढे ठाणे-घाटकोपर मोकळं, घाटकोपर-मरोळ मोकळं. नऊच्या विमानाला मी सव्वापाचला ऑफिस सोडते. सातच्या आसपास टी-टूला असते. तिकडे आत गेल्यावर घरी फोन लावते की कुकर लावा, अकराच्या आत पोचते.