माझ्या नावाने आलेली लग्नपत्रिका उघडू नका

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्या अमळनेर तालुक्यात त्या दिवसांत घरोघरी लग्नाच्या पत्रिका येतात आणि अलीकडे त्यांतल्या पुष्कळशा व्हॉट्सॲपवरच येतात, त्यामुळे रात्री नऊच्या सुमारास मामेभावाच्या क्रमांकावरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली तेव्हा मला काही वावगे वाटले नाही. सोबत ‘सहकुटुंब यावे’ एवढीच ओळ होती. त्याच्या धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू असल्याचे मला ठाऊक होते, म्हणून कुठेतरी जमले असावे असे समजून मी आनंदाने ती उघडायला गेलो.

फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे होती आणि तिथेच थांबायला हवे होते. पत्रिका म्हणजे चित्र असते, पीडीएफ असते किंवा गाण्यासह केलेला लहानसा व्हिडिओ असतो. तिला फोनमध्ये इन्स्टॉल करावे लागत नाही. एपीके म्हणजे सबंध ॲप. हे ॲप हानिकारक असू शकते, अशी सूचना फोननेही दाखवली होती. ती मी वाचली आणि पाठवणारा आपलाच माणूस आहे म्हणून पुढे गेलो. त्यानंतर एसएमएस वाचण्याची व पाठवण्याची, संपर्कयादीची आणि फोटोंची अशा तीन परवानग्या एकामागून एक मागण्यात आल्या. पत्रिकेला माझे एसएमएस कशासाठी वाचायचे आहेत, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग काहीच दिसले नाही आणि ॲपचे चिन्हही नाहीसे झाले. नेटवर्क नसेल असे वाटून मी फोन फडताळावर ठेवला आणि झोपलो.

पहाटे पारोळ्याहून जावईबापूंचा फोन आला. “नाना, तुमनी धाडेल पत्रिका उघडत नही,” असे ते म्हणाले. मी कोणालाही पत्रिका पाठवली नव्हती. व्हॉट्सॲप उघडून पाहिले तर रात्रीतून माझ्या नावाने तीच फाइल शेकडो लोकांना गेलेली होती. त्यानंतर एसएमएस पाहिले. दोन वाजून दहा मिनिटांपासून एकाखाली एक ओटीपी आलेले होते आणि त्यांच्यामध्ये पैसे वजा झाल्याचे तीन संदेश होते. कापूस विकून आलेल्या, बियाणे-खतासाठी राखून ठेवलेल्या रकमेतले ८६,५०० रुपये गेले होते.

मी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, कोणाचा फोनही आला नव्हता. मग हे घडले कसे, ते सायबर पोलीस ठाण्यातल्या कर्मचाऱ्याने मला शांतपणे समजावून सांगितले. ते ॲप माझ्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस त्याच क्षणी दुसरीकडे पाठवत होते, त्यामुळे ओटीपी मला विचारण्याची गरजच नव्हती. राहिला प्रश्न कार्डाच्या तपशिलांचा, आणि ते मीच जमवून ठेवले होते. विसरायला नको म्हणून एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, पासबुकाच्या पहिल्या पानाचे आणि घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मी गॅलरीत ठेवले होते. जी कागदपत्रे आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवतो, तीच मी फोनमध्ये उघडी ठेवली होती आणि ती पाहण्याची परवानगीही दिली होती.

पैसे गेल्याचे कळताच मी बँकेची शाखा उघडण्याची वाट पाहत बसलो, ही माझी दुसरी मोठी चूक. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे आणि बँक बंद असली तरी तिथे तक्रार नोंदवता येते. तक्रार मिळाली की रक्कम ज्या खात्यात गेली, ते खाते गोठवण्याचे प्रयत्न तात्काळ सुरू होतात. मी तिथे फोन केला तोवर बरीचशी रक्कम पुढच्या खात्यांत निघून गेली होती. ३१,००० रुपये तेवढे अडवले गेले आणि ते अजून परत मिळायचे आहेत. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान तो बँकेला कळवेपर्यंत ग्राहकानेच सोसायचे आणि कळवल्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी बँकेवर, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणून १९३० वर आणि बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर, दोन्हीकडे लगेच कळवणे आवश्यक आहे. हे फोन मात्र दुसऱ्या मोबाइलवरून करावेत आणि बाधित फोनचे इंटरनेट आधी बंद करून सिम काढून घ्यावे. पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदलावेत आणि बाधित फोन पूर्ण रीसेट करून मगच वापरावा, असे मला सांगण्यात आले आणि मी तसेच केले.

माझे पैसे गेले त्याचे दुःख आहेच, परंतु मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. माझे नाव पाहून ज्यांनी ती फाइल उघडली, त्यांत आमचे व्याही होते. त्यांच्या खात्यातले पेन्शनचे १४,००० रुपये गेले. मी पारोळ्याला जाऊन त्यांच्यासमोर बसलो तेव्हा ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. विहीणबाईंनी चहा पुढे केला आणि मला तो घेववेना. माझ्या फोनमध्ये काय ठेवायचे हा माझा खासगी प्रश्न आहे, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या फोनमध्ये माझ्यापेक्षा इतरांचेच अधिक होते: नातेवाइकांचे क्रमांक, सुनेच्या आधार कार्डाचा फोटो, नातवंडांची छायाचित्रे. त्यांपैकी कोणालाही न विचारता मी ते सारे अनोळखी माणसांच्या हाती दिले.

आता गॅलरीत एकही कागदपत्र नाही. आधारची प्रत कुठे पाठवावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत पाठवतो. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करण्याची जी परवानगी सेटिंगमध्ये दिली गेली होती ती काढून टाकली आहे. आपल्या फोनमध्ये ती चालू आहे का, हे प्रत्येकाने आजच पाहावे.

माझ्या संपर्कयादीत ४१२ नावे होती. त्या सकाळपासून मी एकेकाला फोन करून सांगत आलो आहे. ३७ जणांशी अजून बोलणे झालेले नाही, कारण काहींचे क्रमांक बदलले आहेत आणि काही जण कामासाठी सुरतेला गेले आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर माझ्या नावाने आलेली ती फाइल न उघडता काढून टाकावी आणि उघडली असेल तर हे वाचणे इथेच थांबवून दुसऱ्या फोनवरून १९३० लावावा.