बाहेरचा स्पोकन इंग्लिश क्लास की कंपनीतला वर्ग?

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, कुठलीही एमआयडीसी घ्या. कस्टमर परदेशी झाला किंवा ऑडिटला येणाऱ्या माणसाला मराठी-हिंदी येत नसलं, की मॅनेजमेंटला एकदम जाणवतं की वर्षानुवर्षं लाइन सांभाळणारे आपले सुपरवायझर कॉलवर नुसतं ‘यस सर, यस सर’ म्हणून फोन ठेवतात. कामात ही माणसं वाघ असतात. मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगतील. मग कुणीतरी सुचवतं, यांना इंग्रजीचा क्लास लावू. कोणता लावायचा, इथे घोडं अडतं.

मी स्वतः कंपन्यांत जाऊन असे वर्ग घेतो, त्यामुळे माझं माप कुठे झुकणार हे आधीच सांगून टाकतो. तरी बाहेरचा क्लास जिथे सरस ठरतो त्या जागाही खाली आहेत.

आधी तासांचा हिशोब मांडा. भाषेची पातळी मोजायला युरोपात २००१ मध्ये आलेली ए१ ते सी२ ही सहा पायऱ्यांची पट्टी आता सगळीकडे वापरतात. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला शिक्षकासोबत सुमारे २०० तास लागतात, असा इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजचा ढोबळ अंदाज आहे. आठवड्याला दोन तास धरले तर झाली की दोन वर्षं. आणि कंपनी पैसे मंजूर करते ३०-४० तासांचे. म्हणजे ‘दोन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ हे कुणालाच जमणार नाही, मला नाही आणि कोपऱ्यावरच्या क्लासलाही नाही. एवढ्या तासांत माणसाची पातळी वाढत नाही, पण त्याची दोन-तीन कामं सुधारतात. कोणती, ते आधी ठरवा.

बाहेरचा क्लास हे ठरवत नाही. त्याच्या बाकांवर कॉलेजची पोरं, गृहिणी, परदेशी निघालेली मंडळी आणि तुमचा सुपरवायझर असे सगळे असतात. त्यामुळे काळ, स्वतःची ओळख, ‘माझा आवडता छंद’, गटचर्चा अशी सगळ्यांना चालेल अशी शिदोरी मिळते. पाया कच्चा असेल, साधं वाक्यही जुळत नसेल, तर ही शिदोरी लागतेच. माझ्याकडे असा माणूस आला तर मीही आधी त्याला तिकडेच पाठवतो. आणखी एक फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही. तिथे ओळखीचं कुणी नसतं. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चेष्टा होत नाही. मराठी माध्यमातून शिकून चाळिशीला पोचलेल्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची असते. पाळ्या बदलत्या असल्या की मात्र गाडी अडते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची बॅच बुडते, आणि दोनदा बुडाली की माणूस परत फिरकत नाही.

कंपनीतल्या वर्गाचं वजन तो कशावर चालतो यावर आहे. शिक्षक तेच ग्रामरचं पुस्तक घेऊन ट्रेनिंग रूममध्ये आला तर तो बाहेरचाच क्लास झाला, फक्त महाग. खरा फरक पडतो तो तुमचेच कागद टेबलावर आले की. शिफ्ट हँडओव्हरची वही, कस्टमरला गेलेले ईमेल, ऑडिटमधल्या एनसी, म्हणजे ऑडिटरने काढलेल्या त्रुटी, आणि ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा फॉर्म.

८डीचंच घ्या. कस्टमर कंप्लेंट आली की हा फॉर्म भरावाच लागतो. डी३ मध्ये तातडीने काय केलं ते लिहायचं: संशयित माल वेगळा काढला, गोदामातला स्टॉक तपासला. डी४ मध्ये मूळ कारण. डी५ मध्ये कायमस्वरूपी काय करणार ते. म्हणजे झालेलं, कशामुळे झालेलं आणि पुढे करायचं, असं जवळजवळ अर्धं व्याकरण त्या एका फॉर्मात ओळीने मांडून ठेवलंय. वर्गात काळांचा तक्ता लिहून दिला की लोक जांभया देतात. त्यांच्याच लाइनवरच्या रिजेक्शनचा डी४ भरायला दिला की भांडतात, ‘सर, टूल झिजलं म्हणून बर (पार्टच्या कडेला उरलेली धातूची धार) आली, असं कसं लिहायचं?’ त्या क्षणी ‘बिकॉज’ आणि ‘ड्यू टू’ शिकवले तर डोक्यात राहतात.

काम करता करता भाषा शिकवायची ही कल्पना आपल्या देशातही चांगली जुनी आहे. इंग्रजी अध्यापनातले तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दरम्यान बंगळुरू आणि मद्रासच्या शाळांत प्रयोग केला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी देऊन कोडं सोडवायला लावायचं, आणि भाषा त्या ओघात येऊ द्यायची. ती शाळकरी मुलं होती. नोकरदार माणसाकडे तर सोडवायची कोडी रोजचीच असतात, ती शिक्षकाला शोधावी लागत नाहीत.

कॉलचंही तसंच. समजलं नाही की बहुतेक जण ‘पार्डन सर’ म्हणतात, समोरचा पुन्हा तेच तितक्याच वेगाने बोलतो आणि दुसऱ्यांदा विचारायची हिंमत होत नाही. वर्गात आम्ही नेमकं विचारायची सवय लावतो: ‘आय गॉट द पार्ट नंबर. क्वांटिटी वॉज फिफ्टी, फाइव्ह-झीरो?’ काय कळलं ते आधी सांगायचं, काय निसटलं तेवढंच विचारायचं, आकडा सुटा करून म्हणायचा. एवढ्याने चुकीचा डिस्पॅच वाचतो. हे करायला बी२ पातळी लागत नाही.

सुराचा प्रश्न याहून नाजूक आहे. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या स्टाफ कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या. त्या उद्धट आहेत अशी तक्रार झाली. जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने पाहिलं तर वाढताना त्या ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द शेवटी सूर खाली आणून म्हणत होत्या. इंग्रजी कानाला तो ‘ही घ्या ग्रेव्ही’ असा हुकूम वाटे. सूर वर नेला असता तर ‘ग्रेव्ही वाढू का?’ असं ऐकू आलं असतं. बायकांना वाटत होतं आपल्याला हिणवतात, गिऱ्हाइकांना वाटत होतं या फटकून वागतात. वर्गात रेकॉर्डिंग ऐकवून दोन्ही बाजूंशी बोलल्यावर गाठ सुटली. पुस्तक सोडवून हे सापडलं नसतं. आपल्या सुपरवायझरचं ‘सेंड द ड्रॉइंग टुडे’ जर्मन कस्टमरला कसं ऐकू येतं, हेही त्याचाच आवाज त्याला ऐकवल्यावर कळतं.

आता कंपनीतल्या वर्गाची दुखरी बाजू. साहेब मागच्या खुर्चीत येऊन बसले की वर्ग मुका होतो. ‘मी फक्त ऐकायला बसतो’ म्हणतात, आणि तेवढ्याने वर्ग संपतो. सुपरवायझर आणि त्याच्याच हाताखालचा ऑपरेटर एका बॅचमध्ये टाकला तर दोघंही तोंड उघडत नाहीत. लाइन अडली की निम्मी बॅच उठून जाते, आणि महिनाअखेरीला तर अख्खी. शिवाय ईमेल बाहेरच्या शिक्षकाला दाखवायचे का, हा प्रश्न. नावं, आकडे खोडून दिले तरी चालतं, पण ते खोडायला कुणाला तरी बसावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी कोर्स तिथेच रखडतो. आणि ज्याला सहा महिन्यांत नोकरी बदलायची आहे त्याला ८डीपेक्षा मुलाखतीची तयारी हवी असते. ती त्याने बाहेर आणि स्वतःच्या पैशाने करावी, हेच बरं.

उरलेल्या पर्यायांबद्दल थोडक्यात. अ‍ॅप शब्दसंग्रहाला आणि बसमधल्या अर्ध्या तासाला ठीक आहे, पण चिडलेल्या कस्टमरला उशिराची बातमी कशी द्यायची हे त्यावर शिकता येत नाही. एकास एक कोचिंग प्लँट हेडसाठी घ्या, पंधरा सुपरवायझरांसाठी परवडणार नाही. सर्टिफिकेटच्या मागे लागण्याआधी परीक्षेत काय तपासतात ते बघा. टोइक नावाची नोकरदारांची परीक्षा १९७९ पासून चालू आहे, पण तिच्या ९९० गुणांच्या नेहमीच्या पेपरात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं. बोलणं-लिहिणं वेगळ्या परीक्षेत. बोलता न येणारा माणूसही त्या पेपरात चांगले गुण आणू शकतो.

माझा कौल असा. ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांना सहा महिने बाहेर पाठवा, फी कंपनीने भरावी, आणि त्या आठवड्यांत पाळी सांभाळून द्यावी. ज्यांना मोडकंतोडकं का होईना वाक्य जुळवता येतं, त्यांच्यासाठी कंपनीत आठ-दहा जणांची, एकाच पदाच्या लोकांची बॅच काढा. चर्चा मराठीत झाली तरी चालेल, कस्टमरकडे जाणारी गोष्ट मात्र इंग्रजीत तयार झाली पाहिजे.

शिक्षक निवडताना त्याचं इंग्रजी किती झकास आहे हे बघत बसू नका. पहिल्या भेटीत तो तुमची हँडओव्हरची वही आणि जुने ईमेल मागतो का, लाइनवर एक चक्कर मारायची म्हणतो का, ते बघा. आणि कोर्स सुरू व्हायच्या आधीच त्या वहीची महिन्याभराची पानं झेरॉक्स करून ठेवा. कोर्सनंतरच्या महिन्याची पानं शेजारी ठेवून, कोर्सशी संबंध नसलेल्या एखाद्या क्वालिटीच्या माणसाला दोन्ही वाचायला द्या आणि कोणत्या पानावरून त्याला फोन न करता काम सुरू करता आलं असतं ते विचारा.