मलावीच्या बालगृहासाठी सोलापूरचा माल: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

टॉवेलला पाचपैकी साडेचार, चादरीला साडेतीन, गणवेशाच्या कापडाला चार आणि तयार गणवेशाला जेमतेम दोन. सोलापुरातल्या घरात वापरायचा असता तर याच मालाला वेगळे गुण पडले असते. इथे हिशेब धरलाय तो आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बालगृहाचा, जिथे कपडे हातपंपाच्या पाण्यावर धुतले जातात आणि इस्त्री कोळशाची असते.

आपल्याकडे टॉवेल हातात घेतला की आधी वजन जोखतात. चाटी गल्लीतलं दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचं दार, 'जड आहे बघा, मालात दम आहे' हेच कानावर पडतं. मलावीसाठी ही पारख उलटी करायची. मोठा टॉवेल 75 बाय 150 सेंटीमीटरचा, म्हणजे 1.125 चौरस मीटर. 500 जीएसएमला (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) तो 560 ग्रॅमच्या आसपास भरतो, भिजला की त्याच्या कितीतरी पट. दहा वर्षांच्या मुलाला तो धड पिळताही येत नाही. मुलांसाठी 60 बाय 120 चा, 350 जीएसएमचा टॉवेल मागावा. अडीचशे ग्रॅमचा हा टॉवेल एका उन्हात वाळतो. दुकानदार त्याला 'हलका माल' म्हणेल, म्हणू दे.

वाळणं इतकं महत्त्वाचं का, तर पुत्सी माशी. आफ्रिकेच्या या भागात ही माशी सावलीत वाळत घातलेल्या दमट कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगाला लागला की अळी कातडीखाली शिरते आणि गळवासारखी गाठ येते. त्यावर उपाय म्हणजे कपडे जमिनीपासून वर, कडक उन्हात वाळवायचे आणि दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि नेफ्यांसकट, गरम इस्त्री फिरवायची. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा असतो. त्या दिवसांत जाड टॉवेल दोन-दोन दिवस ओलसर राहतो आणि इस्त्रीची धग फुगीर पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरच्या धाग्यांच्या उभ्या फाशांच्या, मुळापर्यंत पोचत नाही. म्हणून कमी उंचीच्या पाइलचा, दुपदरी सुताचा, शंभर टक्के कॉटनचा टॉवेल. सोलापूर हा माल उत्तम काढतं. फक्त तो निर्यातीच्या कपाटात असतो, पुढच्या काचेत नसतो.

नमुना घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. कोरा टॉवेल वजन करून घ्या, तीनदा साबणाने धुवा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा तोला. वजन डोळ्यात भरण्याइतकं उतरलं तर तुम्ही खळ आणि सॉफ्टनर विकत घेतला होता. पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला पाहिजे, मोत्यासारखा घरंगळला तर सॉफ्टनर जास्त आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद भागावर दहा-वीस वेळा घासा. स्वस्त मरून आणि निळा इथेच उघडे पडतात, आणि बालगृहात साठ टॉवेल एकाच टबात भिजतात हे विसरू नका. शेवटी कोपरे बघा. दुमड एकेरी टाक्यांची असेल तर टॉवेल मधून फाटण्याआधी कडेला उसवतो.

ऑर्डर मोठी असली की कारखानदार आपणहून म्हणतो, 'संस्थेचं नाव विणून देऊ की, वर पैसे नाही लागणार.' नम्रपणे नको म्हणा. चादरीवर आणि टॉवेलवर आश्रमाचं नाव घेऊन फिरणं म्हणजे मुलाच्या पाठीवर पाटी लावणं. त्याऐवजी पाच-सहा रंगांच्या पट्ट्या मागाव्यात आणि कोपऱ्यात नंबराची छोटी चिंधी शिवून घ्यावी. खरूज आणि डोळे येणं आटोक्यात ठेवायचं तर ज्याचा टॉवेल त्यालाच मिळायला हवा, आणि तेवढ्यासाठी रंग आणि नंबर पुरतात.

आता चादर. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी जॅकार्ड (विणीतच नक्षी उमटवलेली) चादर हा आपला अभिमान, पण अभिमानापोटी साडेतीनच्या वर गुण देता येत नाहीत. 60 बाय 90 इंचाची चादर साडेतीन चौरस मीटरची. ती सव्वा किलोची असेल तर 350 जीएसएमच्या आसपास पडते. उबेला छान, धुवायला कठीण. शिवाय नक्षीसाठी मागच्या बाजूला सोडलेले लांब धागे लोखंडी खाटेच्या कडांत आणि मुलांच्या नखांत अडकतात. मोर आणि मोठी फुलं सोडून बारीक चौकड्याची, घट्ट विणीची चादर घ्या. ती मागून पुढून सारखीच दिसते आणि अडकत नाही.

बालगृह कुठे आहे यावरही बरंच ठरतं. डेड्झा उंचावर आहे. तिथे जून-जुलैच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि सोलापुरी चादर एकटी पुरत नाही, दोन लागतात. मलावी सरोवराकाठच्या सलिम्यात तीच चादर वर्षातला बराच काळ घडी करून पडून राहील, तिथे साधं सुती बेडशीट बरं. पत्ता न विचारता 'आफ्रिकेला चादरी पाठवल्या' असं करणारे बरेच आहेत. संख्या ठरवताना सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दोन चादरी धरा, कारण अंथरूण ओलं होणारच. त्यासोबत गादीवर घालायला रेक्झिनचा तुकडा दिला तर गादीचं आयुष्य वाढतं. देणगीच्या यादीत हे रेक्झिन कधीच नसतं. मच्छरदाण्या मात्र इथून पाठवू नयेत. मलेरियाला उपयोगी पडते ती कीटकनाशक लावलेली, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली जाळी, आणि ती तिकडच्या आरोग्य यंत्रणेमार्फतच मिळवावी.

गणवेश हा सोलापूरचा नवा जोरदार धंदा आहे. शिलाई नीट, खिशाच्या कोपऱ्यांना बारटॅक (दाट आडवे टाके), काज-बटण पक्कं. तरी तयार गणवेशाला दोनच गुण, कारण मापं इथल्या शाळांची असतात आणि तिकडच्या शाळेचा रंग नेमका जुळत नाही. शिवाय पेटी तिकडे पोचेपर्यंत मूल दोन बोटं वाढलेलं असतं. कापडाचे तागे पाठवावेत. मलावीत बाजाराच्या ओसरीवर पायमशीन घेऊन बसलेला शिंपी सगळीकडे सापडतो. शिलाईचे पैसे त्याला मिळतात आणि माप मुलाच्या अंगावर घेतलं जातं. 58 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) दहा वर्षांच्या मुलाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला साधारण एक मीटर, हाफ पँटला साठ-सत्तर सेंटीमीटर धरा, वर दहा टक्के कापणीची तूट. खाली दोन इंच दुमड ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येते. बटणं, दोरे, इलॅस्टिक आणि झिप इथूनच मोजून घाला. एका झिपसाठी पँट अडून राहते.

इथेही माशी आडवी येते. शाळेच्या शर्टाला सर्रास 65 टक्के पॉलिस्टर, 35 टक्के कॉटनचं कापड दाखवतात. ते आटत नाही, चुरगळत नाही, रंग टिकतो, सगळं खरं. पण कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचा काटा नसतो. कडक तापलेली इस्त्री पॉलिस्टरवर चमक आणते, कधी सरळ चिकटते. इस्त्री तर रोज करायची आहे. म्हणून कॉटनचं प्रमाण जास्त असलेलं, आधीच आटवून घेतलेलं कापड मागा. खात्रीसाठी 50 बाय 50 सेंटीमीटरचा चौकोन कापून गरम पाण्यात तीनदा धुवा. एका बाजूला दोन सेंटीमीटर कमी झालं म्हणजे चार टक्के आटलं. शर्टाला ते जास्त आहे, तो तागा परत करावा. कापड नव्या पेठेत मीटरवर घेऊ नका, गणवेशवाल्या कारखान्यातून ताग्याच्या भावात घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच कारखान्यांत आपसात तेलुगूत बोलणं चालतं. ओळखीचा माणूस सोबत असला तर भावही बरा मिळतो आणि आधीच्या लॉटमधला उरलेला रंग गळ्यात पडत नाही.

घरातले जुने कपडे गोळा करून पाठवण्याचा उत्साह तर पूर्ण आवरावा. मलावीत वापरलेल्या कपड्यांचे बाजार भरतात, त्या मालाला तिथे 'कौंजिका' म्हणतात. आपले कपडे पाठवायला जेवढं भाडं लागतं, तेवढ्या पैशात तिथे त्याहून जास्त कपडे येतील.

मलावीला समुद्र नाही. माल न्हावाशेवाहून मोझांबिकच्या बेइरा किंवा नकाला बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने किंवा रेल्वेने आत जातो. भाडं विचारताना ब्लँटायर किंवा लिलाँगवेपर्यंतचं विचारा. नुसता बंदरापर्यंतचा आकडा ऐकून खूश झालेल्यांना पुढचा खर्च घाम फोडतो. सुट्या मालाचं भाडं घनमीटरवर लागतं आणि टॉवेल फुगीर असतात, तेव्हा दाबून गाठी बांधून घ्या. आत पॉलिथिन, बाहेर विणलेलं पोतं, आणि माल पूर्ण कोरडा असल्याची खात्री. नाहीतर गाठ उघडल्यावर बुरशीचा वास येतो. विकणाऱ्याकडेच निर्यातीचा परवाना असेल तर माल त्याच्या नावाने, जीएसटीशिवाय निघू शकतो. किरकोळ बिलावर घेतलात तर तो कर तुमच्याच अंगावर.

खरी कोंडी होते कस्टमला. 'दान आहे' म्हणून बिलावर किंमत शून्य लिहिली की माल अडतो. खरी किंमत लिहावी, सोबत दानपत्र, पॅकिंग लिस्ट आणि उगमाचा दाखला. करमाफी आपोआप मिळत नाही. ती बालगृहाने मलावीच्या महसूल खात्याकडून आधी घ्यायची असते. माफीचं पत्र हातात येईपर्यंत गाठ सोलापुरातून हलवू नये. गोदामाचं भाडं दिवसागणिक चढतं आणि दोन महिन्यांत मालाच्या किमतीला भिडू शकतं.

म्हणूनच थोडीच मदत करायची असेल तर पैसे पाठवणं सोपं आणि स्वस्त. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतो. परदेशी धर्मादाय संस्थेच्या देणगीचा उद्देश कोड एस 1303. मधल्या बँकांचं शुल्क आपण भरणार असं लिहून द्या, नाहीतर तिकडे रक्कम कापून पोचते. एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर, लागत नाही. 80 जी कलमाची आयकर सवलत मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर नाही. इथल्या ट्रस्टमध्ये वर्गणी जमवून बाहेर पाठवायची असेल तर आधी सीएला विचारा, परदेशातला खर्च ट्रस्टच्या करसवलतीत सहज बसत नाही.

पैसे असोत की गाठी, बालगृहाला तीन गोष्टी विचाराव्यात. जिल्हा समाजकल्याण कार्यालयाची नोंदणी आहे का? किती मुलांचे आई, वडील किंवा आजी हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? अशा संस्थांतल्या बऱ्याच मुलांचे एक तरी पालक जिवंत असतात. गरिबीने मूल तिथे आणलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वंही गरिबीपायी मूल घराबाहेर काढू नये असंच सांगतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एकही नाही' असेल, तर तिथे खाटा वाढवायला पैसे देऊ नयेत. चांगलं बालगृह मुलाला आजीकडे पाठवताना त्याचं सामान सोबत देतं. त्यामुळे ऑर्डरमध्ये प्रत्येक मुलामागे नाडीची एक जाड कापडी पिशवी धरा, ज्यात एक चादर, एक टॉवेल आणि दोन जोड कपडे मावतील. गणवेशाच्या उरलेल्या कापडातून सोलापूरचे शिलाईवाले ती किरकोळ पैशात करून देतात.

वेळेचं गणित सोपं आहे. एप्रिल ते जून इथले गणवेशवाले शाळांच्या ऑर्डरीत बुडालेले असतात, तेव्हा भावही चढा आणि लक्षही नाही. तिकडे थंडी मे-जूनला सुरू होते आणि शाळा सप्टेंबरला. बंदर आणि रस्ता मिळून दोन-तीन महिने धरा. दिवाळीनंतर ऑर्डर दिली, जानेवारीत गाठी निघाल्या, तर चादरी थंडीआधी पोचतात आणि शिंप्याला कापड शिवायला पुरेसा वेळ मिळतो.