सिंक्लेअर लुईसची ‘बॅबिट’: महिनोन्‌महिने सोबत ठेवल्यानंतर

वाचून लगेच लिहिलं असतं तर तीन तारे दिले असते. पण कादंबरी फोनमध्ये तशीच राहिली, मधूनच एखादं प्रकरण उघडून वाचत गेलो, आणि आता चार देतोय.

‘बॅबिट’ १९२२ साली आली. पहिलं महायुद्ध संपलेलं, अमेरिकेत दारूबंदी लागू, मोटारी आणि जाहिरातींचा सुकाळ. झेनिथ या काल्पनिक अमेरिकन शहरातला जॉर्ज बॅबिट हा शेहेचाळीस वर्षांचा घरांचा दलाल. लोकांना परवडणार नाही अशा भावात घरं विकण्यात पटाईत. पहिली सात प्रकरणं त्याच्या एकाच दिवसात जातात, आणि पहिल्या वाचनात हा भाग रेंगाळलेला वाटतो. गजराच्या घड्याळाचं एवढं कौतुक कशाला? चर्चच्या घंटेसारखे टोले काय, अंधारात चमकणारी तबकडी काय! पण अशा घड्याळाने आपल्याला उठवावं याचा बॅबिटला खरोखरच अभिमान आहे, महागडे टायर घेतल्याचा असावा तसा. त्या काळाचा आदर्श लुईस भाषणातून सांगत बसत नाही, वस्तूंमधून दाखवतो. (भाषणही आहे. रिअल इस्टेट बोर्डाच्या जेवणात बॅबिट ‘आदर्श नागरिका’वर बोलतो. तो आदर्श म्हणजे हुबेहूब तो स्वतः.)

बॅबिटची मतंही अशीच तयार मिळालेली. राजकारणातली पक्षाच्या सिनेटरांकडून, देवधर्माची चर्चकडून, बाकीची वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून. कामगार संघटनांबद्दलचं त्याचं मत तर पुन्हा पुन्हा काढून वाचावं असं: चांगली संघटना हवी, कारण ती जहाल संघटनांना रोखते, पण कुणावर सक्ती नको, खरं तर संघटनाच नकोत, आणि प्रत्येक व्यापाऱ्याने मात्र मालकांच्या संघटनेत असायलाच हवं. दारूबंदीचंही तसंच. कामगारांसाठी ती उत्तम, आणि घरी पाहुणे जेवायला येणार म्हणून हा चोरून जिन आणायला जातो. गंमत अशी की तो ढोंगी वाटत नाही. यात काही विसंगत आहे हे त्याच्या गावीही नसतं.

रेल्वेच्या डब्यातलं प्रकरण मात्र हसत वाचता येत नाही. सिगार ओढत बसलेली सभ्य मंडळी आधी काळ्या पोर्टरबद्दल तुच्छतेने बोलतात, मग बाहेरून येणाऱ्यांना रोखायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं. १९२१ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांवर कोटा लावला, १९२४ मध्ये तो आणखी आवळला. त्या कायद्यांमागची हवा या एका डब्यात भरून राहिली आहे.

एक तारा कापला तो उत्तरार्धासाठी. जिवलग मित्र पॉल बायकोवर गोळी झाडून तुरुंगात जातो आणि बॅबिट बिथरतो, इथपर्यंत पकड आहे. पुढे टॅनिस या विधवेशी त्याचं जुळलेलं प्रकरण आणि तिच्या कंपूतल्या पार्ट्या फार लांबतात. बायको मायरा बराच काळ सावलीसारखीच राहते. ‘गुड सिटिझन्स लीग’ या शहरातल्या बड्या व्यावसायिकांच्या कामगारविरोधी संघटनेत यायला तो नकार देतो, तेव्हा क्लबातले चेहरे बदलतात, धंदा दुसरीकडे वळतो. ही पानं या पुस्तकातली सगळ्यात भेदक. मायरा आजारी पडल्यावर तेच मित्र प्रेमाने परत येतात आणि तोही मुकाट लीगमध्ये जातो.

लुईस १९३० मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला. शंभर वर्षांपूर्वीची बोली सुरुवातीला अडखळवते, पण दहाएक पानांत कान सरावतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. रोज एकच प्रकरण वाचा, सलग बसाल तर सातव्या प्रकरणाआधीच सोडून द्याल.