क्रमांक खरा, ‘एस’ खोटे : 1893 च्या मॉर्गन डॉलरची फसवणूक

सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीने 1893 साली मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरची अवघी 1,00,000 नाणी पाडली. त्यामुळे बऱ्यापैकी झिजलेले नाणे असले तरी त्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. त्याच वर्षीचा फिलाडेल्फियाचा डॉलर त्या मानाने पुष्कळच स्वस्त मिळतो. दोन्हींत सहज दिसणारा फरक एवढाच, की सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर मागच्या बाजूस, पुष्पचक्राच्या गाठीखाली, ‘एस’ हे बारीक अक्षर असते आणि फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ती जागा कोरी असते. माझी फसवणूक झाली ती या एका अक्षरावर.

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मी हे डॉलर जमवतो. 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी आली. आमच्या घरातल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असेल, या कल्पनेनेच मला या छंदाकडे ओढले. असो.

एका हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या नाण्यांच्या प्रदर्शनात हा विक्रेता भेटला. त्याचे स्वतःचे टेबल नव्हते. हातात छोटी बॅग घेऊन तो गिऱ्हाइकांमध्ये फिरत होता. सासऱ्यांच्या पश्चात त्यांचा संग्रह मोडीत काढतो आहे, असे त्याने सांगितले आणि 1893 चा ‘एस’ डॉलर पुढे केला. नाणे पीसीजीएस या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत होते आणि चिठ्ठीवर व्हीएफ 20 (‘व्हेरी फाइन’, म्हणजे मध्यम झिजलेले) असा दर्जा छापलेला होता. चिठ्ठीवरचा प्रमाणपत्राचा क्रमांक मी तिथेच फोनवर कंपनीच्या नोंदीत तपासला. वर्ष, टाकसाळ आणि दर्जा तंतोतंत जुळले. छायाचित्र मात्र तिथे नव्हते. बाजारभावापेक्षा थोडी कमी, पण संशय येऊ नये इतपतच कमी किंमत त्याने सांगितली. शुल्क वाचावे म्हणून रक्कम फोनवरून, मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याच्या प्रकारात पाठवावी, असा त्याचा आग्रह होता. या प्रकारात खरेदीदाराला कसलेच संरक्षण मिळत नाही आणि त्याला नेमके तेच हवे होते.

पुढे मॉर्गन डॉलरच्याच व्यवहारात असलेल्या एका जाणत्या व्यापाऱ्याला मी ते नाणे दाखवले. त्याने मागची बाजू पाहिलीच नाही. भिंग लावून तो दर्शनी बाजूवरील स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटपट्टीवरचा ‘लिबर्टी’ हा शब्द पाहत राहिला. 1893 चे सॅन फ्रान्सिस्कोचे सगळे डॉलर दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून पाडलेले आहेत आणि त्या साच्यावरील ओरखड्यामुळे अस्सल नाण्यावर त्या शब्दातील ‘टी’ अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक, तिरकी, उठावदार रेघ उमटते. फार झिजलेल्या नाण्यावर ती पुसट होते, पण या दर्जाच्या नाण्यावर तिची खूण राहायलाच हवी होती. माझ्या नाण्यावर ती नव्हती. मग त्याने नाणे उलटले, तेव्हा ‘एस’च्या तळाशी सभोवार बारीकशी फट दिसली, कारण ते अक्षर मागाहून चिकटवलेले होते.

डबीही बनावट निघाली. अस्सल डबीशेजारी ठेवल्यावर चिठ्ठीवरची अक्षरे किंचित जाड आणि फुटकी दिसत होती. डबी फोडून नाणे वजन केले, तर ते बरोबर 26.7 ग्रॅम भरले. चांदीही 90 टक्के होती. होणारच, कारण तो फिलाडेल्फियाचा अस्सल डॉलर होता! तराजू, लोहचुंबक, व्यासाचे माप अशा ज्या चाचण्या नवख्यांना शिकवल्या जातात, त्या सगळ्या हे नाणे निर्वेधपणे पार करते. शिवाय सीलबंद डबी फोडली तर कंपनीची हमी जाते, म्हणून सहसा कोणी ती फोडत नाही, हे भामट्यांना पक्के ठाऊक असते.

क्रमांक कुठून आला, तेही नंतर उमगले. एका लिलावगृहाच्या जुन्या नोंदींत त्याच क्रमांकाच्या डॉलरचे मोठे छायाचित्र होते. त्या नाण्यावर देवीच्या गालाखाली खोल खड्डा दिसतो. माझ्या नाण्यावर तो गाल गुळगुळीत आहे. क्रमांक खरा आहे एवढेच कंपनीची नोंद सांगते. हातातली डबी तीच आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. म्हणून महागड्या नाण्याचा क्रमांक मिळाला की तो लिलावांच्या जुन्या नोंदींत शोधावा आणि छायाचित्रातले खड्डे, ओरखडे व डाग हातातल्या नाण्याशी एकेक करून जुळवावेत. छायाचित्र कुठेच सापडले नाही, तर परत करण्याची लेखी मुभा घेतल्याशिवाय आणि क्रेडिट कार्डाशिवाय व्यवहार करू नये.

पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने हात वर केले. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, पण विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. काही दिवसांनी तोच क्रमांक असलेला दुसरा एक ‘एस’ डॉलर ऑनलाइन विक्रीस लागलेला दिसला आणि त्यावरही गालाखालचा खड्डा नव्हता. मी दोन्ही नाण्यांची छायाचित्रे आणि लिलावातले जुने छायाचित्र त्या संकेतस्थळाला पाठवले, तेव्हा ती जाहिरात काढून टाकण्यात आली.