शाळेचा खाऊ: ताज्या मासळीचं कटलेट की सुक्या मासळीची भुकटी?

किनाऱ्यावरच्या मासळीपासून मधल्या सुट्टीचा खाऊ करायचा तर निवड शेवटी दोन गोष्टींत होते: ताज्या माशाचं कटलेट, नाहीतर बारीक सुक्या मासळीची भुकटी घालून भाजलेली बिस्किटं. प्रथिनं दोन्हींत मिळतात. खरा प्रश्न वेळेचा आहे: खाऊ तव्यावरून उतरल्यावर मुलाच्या हातात किती वेळाने पडतो?

तासाभरात पडत असेल तर बेलाशक कटलेट करा. चवीला तेच सरस, आणि बांगडा-तारलीतलं ओमेगा-३ हवं असेल तर ताज्या मासळीला तोड नाही. फक्त हे मासे पकडल्यापासून बर्फात हवेत. उबेत राहिले की त्यांत हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. उन्हात तापलेल्या पाटीतली मासळी चांगली खरपूस तळली, तरी धोका तसाच. दुसरी कटकट काट्यांची. उकडलेला बांगडा गार करून चिमटीत थोडाथोडा कुस्करला की काटे बोटांना लागतात. तारलीचे केसासारखे काटे हमखास निसटतात. ती कुकरमध्ये काटे मऊ पडेपर्यंत शिजवावी, नाहीतर लहान वर्गांना देऊच नये.

शाळा लांब असेल आणि फ्रीज नसेल तर माझं मत भुकटीला. बारीक मासळी काट्यांसकट दळली जाते, म्हणून कॅल्शियम भरपूर. कोरडी बिस्किटं घट्ट डब्यात टिकतात. पण सुकी मासळी बिनमिठाची घ्या, नाहीतर एका बिस्किटात नको तेवढं मीठ जातं. तेलकट मासळीची भुकटी लवकर खवट होते, तेव्हा कमी चरबीची निवडा. वाळूवर पसरून सुकवलेली असेल तर चिमूटभर दाताखाली धरून बघा, कचकच लगेच कळते. पहिल्या घाण्याला दहा भाग पिठात एक भागाहून कमीच भुकटी घाला. वास आला की मुलं पुढच्या वेळी हातही लावत नाहीत.

मुशीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे दोन्हींतून वगळा, त्यांत पारा साठतो. कोळंबी चविष्ट खरी, पण तिच्या ॲलर्जीचा धोका शिजवूनही टळत नाही. वर्गात कुणाला मासळीची ॲलर्जी असेल तर त्याचा खाऊ वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात आणि सगळ्यांच्या आधी करून बाजूला ठेवावा.